मोटारीला फोन लागतो

तासगाव तालुक्यात मामाचा मळा आहे. विहिरीला लागून पत्र्याची खोली, आणि त्या खोलीत दोन सिमकार्डं. पहिलं मोटारीच्या स्टार्टरशेजारच्या पेटीत. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात दोन वाजता बॅटरी घेऊन विंचूकाट्यातून मळ्यात जायचं, मोटार सुरू करायची, आणि घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकावी तर लाईट गेलेली. त्या पेटीने ही पायपीट संपवली. दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, पडल्यापडल्या पेटीच्या नंबरावर फोन लावतो. पेटी फोन उचलते, लाईट आहे की नाही ते बाईच्या आवाजात सांगते, आकडा दाबला की मोटार सुरू.

दुसरं सिम माझ्या हौसेचं. एक फोर-जी राऊटर, त्याला जोडलेला रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कंप्युटर, आणि द्राक्षबागेत तापमान, आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा मोजणारे सेन्सर. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की परतीच्या पावसाचा आणि धुक्याचा भरवसा नसतो. पान किती तास ओलं राहिलं यावर डाऊनी हा बुरशीचा रोग येणार की नाही ते बरंचसं ठरतं, आणि त्यावर फवारणी. बाजारात असली तयार यंत्रं मिळतात. पण त्यांच्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि वर्षाची वर्गणी भरली नाही की आपल्याच बागेचा गेला हंगाम आपल्याला दिसेनासा होतो. हे मला पटत नव्हतं. सर्व्हर मळ्यातच ठेवायचा, नोंदी मळ्यातच राहतील, आणि पुण्यात बसून मी ब्राऊजर उघडून त्या बघेन, असा बेत होता.

मळ्यातल्या वायफायवर सगळं झकास चाललं. बांध ओलांडला की बंद. दादा माझी खटपट बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "मोटारीला फोन लागतोय की. मग ह्येला का लागंना?"

प्रश्न बिनतोड होता. दोन्ही सिमं सारखी, दोन्हींचा टॉवर तोच. एकाला दहा आकडी नंबर आहे. तासगावातून लावा, नाहीतर दुबईतून, तो वाजतोच. खरं तर दुसऱ्यालाही तसा नंबर आहेच, पण त्याच्या डेटाच्या बाजूला तो उपयोगाचा नाही. तिथून आपण जगातल्या कुठल्याही सर्व्हरचं दार वाजवू शकतो, आपलं दार मात्र बाहेरच्या कुणालाही सापडत नाही. त्या बाजूला फक्त आउटगोइंग.

कारण बघायचं तर राऊटरच्या स्टेटसच्या पानावर जायचं. तिथे माझ्या राऊटरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, १००.८३ ने सुरू होत होता. ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणारी वेबसाइट मात्र भलताच आकडा दाखवत होती. हे दोन आकडे जुळले नाहीत की समजायचं, आपल्याला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून सापडेल असा पत्ता, नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये दूरसंचार कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. त्यात ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्ते आहेत, आणि जगातली कुठलीही कंपनी ते आपल्या गिऱ्हाइकांना वाटू शकते. म्हणजे माझ्या राऊटरचा जो पत्ता आहे, तोच त्याच क्षणी ब्राझीलमधल्या कुणाचाही असू शकतो. काही मोबाईल कंपन्या त्याऐवजी १० ने सुरू होणारे पत्ते देतात. त्यांचीही तीच गत. बाहेरच्या जगाला दिसतो तो कंपनीचा एक पत्ता, आणि त्याच्यामागे आपण कितीतरी जण. या व्यवस्थेला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात, बोलताना सीजीनॅट.

ज्यांनी ऐंशीच्या दशकातल्या लग्नपत्रिका पाहिल्या आहेत त्यांना पीपी नंबर आठवत असेल. घरी फोन नसायचा, म्हणून पत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर छापायचा आणि पुढे लिहायचं ‘पीपी’. फोन आला की शेजारच्या काकू पोराला पिटाळायच्या, ‘जा रे, वरच्या कुलकर्ण्यांना बोलाव’. सीजीनॅट हा तसाच पीपी नंबर आहे, फक्त त्या घरात काकू नाहीत. तुम्ही स्वतः तिथे जाऊन बाहेर फोन लावलात तर कंपनीचं यंत्र लिहून ठेवतं की अमक्या पोर्टवरून, म्हणजे त्या पत्त्यातल्या अमक्या नंबरच्या दारातून, तमक्या माणसाने कॉल केला आहे, आणि उत्तर आलं की ते बरोब्बर तुमच्यापर्यंत पोचवतं. पण बाहेरून कुणी आपणहून आलं आणि म्हणालं, द्राक्षबागेच्या सर्व्हरशी बोलायचंय, तर वहीत तशी नोंदच नसते. आलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचं पुडकं, तिथल्या तिथे टाकून दिलं जातं. नंतर कळवू, असंही कुणी म्हणत नाही.

एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवणारं नॅट घरच्या राऊटरमध्येही असतंच, पण ते आपल्या हातात असतं. पोर्ट फॉरवर्डिंग नावाची जागा असते. तिथे लिहून ठेवायचं की या पोर्टवर जो येईल त्याला त्या यंत्राकडे पाठव. बीएसएनएल आणि एमटीएनएलचं ब्रॉडबँड २००५ मध्ये सुरू झालं, त्या सुमाराला घराघरात बसलेल्या मोडेमना खरा पत्ता मिळायचा. तो रोज बदलायचा, पण असायचा. हॉस्टेलच्या खोलीतून घरचा कंप्युटर उघडणं, मित्रांसाठी गेमचा सर्व्हर लावणं, असले उद्योग करणाऱ्यांची एक पिढी त्यावर घडली. सीजीनॅटमध्ये ही फॉरवर्डिंगची वही कंपनीच्या ताब्यात असते आणि गिऱ्हाइकाला तिच्यात ओळ लिहिता येत नाही.

हे सगळं झालं पत्ते संपल्यामुळे. १९७७ मध्ये इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेल्या विंट सर्फने पत्त्यासाठी ३२ बिट ठरवले. त्याच्याच म्हणण्यानुसार तो एक प्रयोग होता, आणि प्रयोग कधी संपलाच नाही. ३२ बिटांत ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते बसतात. त्या काळी ते न संपणारे वाटले आणि वाटलेही तसेच गेले. ॲपलला १७ ने सुरू होणारे सगळे, फोर्ड मोटर कंपनीला १९ चे सगळे, एमआयटी या एका विद्यापीठाला १८ चे सगळे. प्रत्येकी १ कोटी ६७ लाखांवर. एमआयटीने त्यातला मोठा हिस्सा २०१७ मध्ये ॲमेझॉनला विकला. कधी काळी फुकट मिळालेली जमीन पुढे मोक्याची ठरावी, तसा प्रकार. (आमच्याकडे पाहुण्यांत असल्या जमिनींवरून बोलणं बंद आहे, तो विषय वेगळा.)

तारखा बघताना मला एक गंमत सापडली. भारतभर मोबाईल नंबर पोर्टेबिलिटी लागू झाली २० जानेवारी २०११ ला. कंपनी बदला, नंबर तोच राहील. तो दहा आकडी नंबर एका परीने माणसाचा झाला. बरोबर दोन आठवड्यांनी, ३ फेब्रुवारी २०११ ला, पत्त्यांच्या जागतिक कोठारातले शेवटचे पाच गठ्ठे पाच खंडीय संस्थांना वाटून कोठार रिकामं झालं. आशियाची संस्था त्याच एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आली. त्याच वर्षी दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरला घेतले, म्हणजे पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. भारतातल्या बहुतेकांच्या हातात इंटरनेट आलं ते यानंतर, आणि आलं ते मोबाईलवरच. तेव्हा फोन नंबर सगळ्यांना मिळाला, आयपी पत्ता कुणालाच नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण फोनच्या बाबतीत इनकमिंगसुद्धा फुकट हवं यासाठी केवढी ओरड झाली होती, आणि इंटरनेटचं इनकमिंग गेलं तेव्हा कुणाला पत्ताही लागला नाही, हे मला लागतं.

मी कस्टमर केअरला फोन केला. पब्लिक आयपी हवाय म्हटलं, पैसे भरतो म्हटलं. पलीकडच्या मुलीने अत्यंत शांतपणे विचारलं, "सर, आपलं नेट चालू आहे ना?" चालू आहे म्हटलं. "मग प्रॉब्लेम काय आहे, सर?" तिचं काहीच चुकत नव्हतं. तिच्यासमोरच्या स्क्रीनवर असल्या तक्रारीचा रकाना नसणार. बऱ्याच वरच्या पायरीवर गेल्यावर कळलं की सिमवर स्टॅटिक आयपी देतात, पण तो कंपन्यांना, वेगळ्या एपीएनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या वाटेवर, गठ्ठ्याने सिमं घेतली तर. एटीएमवाले, पेट्रोल पंपवाले घेतात. एका मळ्याला नाही.

सांगलीच्या सीसीटीव्ही दुकानदाराला हे सगळं माझ्याआधी आणि माझ्याहून बरं माहीत होतं. "पोर्ट फॉरवर्डिंगचा जमाना गेला साहेब. पेटीवरचा क्यूआर स्कॅन करा, पीटूपीवर चालतंय." त्या पीटूपीत काय होतं, तर कॅमेरा आपणहून कंपनीच्या सर्व्हरला फोन लावतो आणि लाईन धरून ठेवतो. तुमचा मोबाईलही त्याच सर्व्हरला फोन लावतो. सर्व्हर दोघांना एकमेकांचे बाहेरून दिसणारे पत्ते-पोर्ट सांगतो, आणि नॅट सैल असेल तर ते दोघे थेट बोलायला लागतात. मोबाईल कंपन्यांचं नॅट बहुधा सैल नसतं. मग गोठ्यातल्या म्हशीचं चित्र आधी कुठल्यातरी परमुलखातल्या सर्व्हरवर जातं आणि तिथून बाजारात चहा पीत बसलेल्या तिच्या मालकाकडे येतं. मालकाला काही खटकत नाही. दिसतंय ना, झालं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती खरी आहे. २०१६ च्या शरदात मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि राऊटर काबीज केले. कसे, तर पब्लिक पत्त्यावर उघड्या बसलेल्या यंत्रांवर कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड एकेक करून लावून बघत. २१ ऑक्टोबरला त्याच फौजेने डाइन (Dyn) या वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अमेरिकेत कोलमडले. सीजीनॅटच्या मागचा कॅमेरा या फौजेला बाहेरून सापडलाच नसता. ज्या देशात डीव्हीआरचा पासवर्ड बसवणारा माणूस ठरवतो आणि तो गावभर एकच असतो, तिथे ही आपसूक मिळालेली कडी काही वाईट नाही. माझी तक्रार कडी आहे म्हणून नाही. ती आतून काढता येत नाही, ही तक्रार आहे.

आणि पत्ता सामायिक असण्याचे चटके वेगळेच. कुणी अनोळखी माणसाने त्या पत्त्यावरून काही आगाऊपणा केला की सगळ्यांना ‘तुम्ही रोबोट नाही ना’ म्हणून ट्रॅफिक सिग्नलची चित्रं टिपत बसावं लागतं. पोलिसांनाही नुसता आयपी पुरत नाही. पोर्ट आणि नेमकी वेळ लागते. २०१७ मध्ये युरोपोलने याबद्दल जाहीर गाऱ्हाणं मांडलं होतं.

मग आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, लांब पद्धत, का नाही, असं जाणकार विचारतील. विचारायलाच हवं, कारण या बाबतीत भारत मागासलेला नाही, उलट जगातल्या पहिल्या काही देशांत आहे. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू केली तीच आयपीव्ही६ घेऊन, बाकीचे मागून आले, आणि गूगलच्या मोजणीत भारताचा आकडा आता साठ टक्क्यांच्या वर आहे. १२८ बिटांचा पत्ता. प्रत्येक सिमला कंपनी एक अख्खा पट्टा देते, ज्यात पूर्ण जुन्या इंटरनेटइतकी कोट्यवधी इंटरनेटं मावतील. माझ्या राऊटरलाही तो मिळाला होता. २४०९ ने सुरू होणारा, लांबलचक, अस्सल, जगात एकमेव पत्ता. तो बघून मला खरोखर हुरूप आला.

मग एका संध्याकाळी राऊटरच्या फायरवॉलमध्ये एकच पोर्ट उघडलं, आणि दादाच्या मोबाईलचं वायफाय बंद करून त्याच्या डेटावरून तो पत्ता टाकला. आलेख उघडला. दादा म्हणाला, "लागला की." तोच पत्ता दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून टाकला, ते नुसतं गोल फिरत राहिलं. वाटेत कुठल्यातरी कंपनीने येणारी वाहतूक अडवलेली, कुणी ते विचारायची सोय नाही. पुण्यात माझ्या केबलवाल्याकडे तर आयपीव्ही६ नावालाही नव्हतं. तिथून तो पत्ता म्हणजे निव्वळ अक्षरं. आणि रात्री मळ्यातली सिंगल फेज गेली, पहाटे आली, राऊटर परत उठला तेव्हा पट्टाच बदललेला. बदलत्या पत्त्याला डायनॅमिक डीएनएसचा उतारा आहे, म्हणजे पत्ता बदलला तरी नाव तेच राहतं, तो लावलाही. अडवलेल्या वाटेला नाही.

तर शेवटी मी तेच केलं जे सगळे करतात. मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक छोटा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा एक तुकडा, भाड्याने घेतला. त्याला खरा, जुन्या पद्धतीचा, ३२ बिटांचा पब्लिक आयपी आहे. मळ्यातल्या पायवर वायरगार्ड बसवलं. हे जेसन डोनेनफेल्डने लिहिलेलं, मार्च २०२० पासून लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, असलेलं व्हीपीएन, म्हणजे दोन यंत्रांमधला खाजगी बोगदा. सेटिंगची फाइल वीसेक ओळींची, आणि वाचली तर कळते. पाय मळ्यातून मुंबईला बोगदा खणतो. आउटगोइंग आहे, त्यामुळे सीजीनॅटची हरकत नसते. मग मी पुण्यातून मुंबईचं दार वाजवतो आणि मुंबई मला त्याच बोगद्यातून मळ्यात सोडते. म्हणजे काकू भाड्याने ठेवल्या.

त्या फाइलमधली एक ओळ मला फार आवडते. तिच्यात २५ हा आकडा असतो. मोबाईल कंपनीचं नॅट शांत बसलेल्या जोडणीची नोंद लवकर खोडून टाकतं, म्हणून दर २५ सेकंदांनी पाय मुंबईला एक रिकामं पॅकेट पाठवतो. मजकूर काहीच नाही, फक्त आहे मी. दिवसाला ३,४५६ वेळा. सगळं मिळून दोनशे केबीच्या आसपास, व्हॉट्सॲपवरच्या एका ‘शुभ सकाळ’इतकं. एवढ्या चिकाटीने आपण जिवंत असल्याचं कळवत राहावं लागतं, कारण कुणी विचारायला येऊ शकत नाही.

सोपे रस्तेही होते. क्लाऊडफ्लेअरचा टनेल फुकट आहे, पण तिथे कुलूप त्यांच्या दारात उघडतं, मळ्यात नाही. मधला मजकूर त्यांना दिसू शकतो. टेलस्केल वायरगार्डवरच उभं आहे आणि त्याहून सुटसुटीत आहे. फक्त तेही यंत्रांना पत्ते देतं ते १००.६४ च्याच पट्ट्यातले, त्यामुळे राऊटरच्या पानावर आणि टेलस्केलच्या पानावर एकाच घराण्यातले आकडे बघून डोकं गरगरतं. ज्याला नुसतं काम व्हायला हवं आहे त्याने टेलस्केल घ्यावं, मी आडकाठी करणार नाही. मला दार कुणाच्या नावावर आहे याची पडलेली असते. अर्थात व्हीपीएसही माझ्या नावावर आहे तो भाडेकरू म्हणूनच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असल्या सेवा देणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी पाच वर्षं जपून ठेवायचा आहे. स्वतःचा सर्व्हर स्वतःच्या मळ्यात ठेवायला निघालो आणि माझ्या नावाची नोंद मुंबईतल्या एका वहीत झाली.

भाडंही आता पत्त्याचं वेगळं दिसायला लागलंय. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ ला, म्हणजे जुन्या ३२ बिटांच्या पत्त्याला, तासाला अर्धा सेंट लावला. महिन्याचे साडेतीन डॉलर, तीनशे रुपयांच्या घरात. नुसत्या पत्त्याचे. यंत्र वेगळं, साठवण वेगळी.

दादा आलेख बघतो का? नाही. पहिल्या दिवशी बघितला, कौतुक केलं, मग म्हणाला, "पान लई येळ वलं राह्यलं की मला फोन करायला सांग त्येला." मी तसं केलं, ओलाव्याचे तास ठरलेल्या आकड्यापलीकडे गेले की पाय त्याला मेसेज पाठवतो. हे सगळं आउटगोइंग आहे, त्याला पब्लिक पत्ता लागतच नाही. आलेख मी बघतो, पुण्यात, ऑफिसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. गेल्या हंगामातली एकेक धुक्याची रात्र त्यात तशीच आहे, आणि ती बघायला मला कुणाची वर्गणी भरावी लागत नाही, पत्त्याच्या भाड्याशिवाय.

आता शेजारच्या बागवाल्या आप्पांनाही असं हवंय. त्यांच्यासाठी वेगळा व्हीपीएस लागणार नाही. माझ्याच फाइलमध्ये चार ओळी वाढवल्या की त्यांचा मळाही मुंबईच्या त्याच पत्त्यावर भेटू लागेल. खर्च काय येईल म्हणून त्यांनी विचारलं. सेन्सरचे इतके, राऊटरचे इतके, सिमचा रिचार्ज, आणि पत्त्याच्या भाड्यातला निम्मा वाटा, असं मी सांगितलं.

"पत्त्याचं बी भाडं?" आप्पा म्हणाले.

मी १९७७ पासून सुरुवात केली. विंट सर्फपर्यंत आलो तोवर त्यांनी गाडीला किक मारली होती.